देवाचं लेकरू नक्की कोण? सगळेच, की फक्त विश्वास ठेवणारे?

रूथ_खडकी

सलाम मंडळी. मी आमच्या चर्चमध्ये दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा, म्हणजे मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करायच्या तयारीचा) वर्ग घेते, आठवी ते दहावीची मुलं आहेत. गेल्या रविवारी योहान १:१२ चालू होतं, ज्यांनी त्याचा स्वीकार केला त्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार दिला, ते वचन. एका मुलीने सरळ विचारलं, टीचर संडेस्कूलला लहानपणापासून तुम्हीच शिकवलंत ना की सगळी माणसं देवाची लेकरं, मग जे आधीच आहेत त्यांना परत "व्हायला" कशाला सांगायचं? आणि माझी बेस्ट फ्रेंड हिंदू आहे, ती देवाची कोणीच नाही का? तिचं संपत नाही तोवर मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला की माझा बाप्तिस्मा मी तान्हा असताना झाला, मला कोणी विचारलं पण नव्हतं, मग मी नक्की कधी झालो देवाचा मुलगा?

पुस्तकी उत्तर मला पाठ आहे, निर्मितीने सगळे त्याचे आणि तारणाने विश्वासणारे त्याची मुलं. तेच दिलं. पण मुलांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की काही पोचलं नाहीये. पुढच्या रविवारी परत तोच विषय घ्यायचाय. तुम्ही तुमच्या घरात मुलांना हे कसं सांगता, आणि मुळात तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते लिहा ना. मोठं लिहिलं तरी चालेल, सगळं वाचणार आहे.

शमुवेल_काका

रूथताई सलाम. मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण दोन्ही बाजूंची वचनं शास्त्रातच आहेत.

प्रेषित पौल अथेन्सला अरियपगावर, म्हणजे तिथल्या सभेच्या टेकडीवर, उभा राहून ग्रीक कवीचीच ओळ घेतो आणि म्हणतो की आपण सगळे देवाचा वंश आहोत (प्रेषितांची कृत्ये १७). समोर एकही ख्रिस्ती नाही, सगळे मूर्तिपूजक आणि तत्त्वज्ञानी लोक, तरी त्यांना तो हे म्हणतो. लूकने येशूची वंशावळ मागे मागे नेत शेवटी आदामापाशी आणली आणि त्याला देवाचा पुत्र म्हटलं. म्हणजे सगळी माणसं देवापासून आली आणि त्याच्या प्रतिरूपात घडली, हे संडेस्कूलमध्ये शिकवलंत ते काही चुकीचं नाही.

पण जुन्या करारात "माझा पुत्र" म्हणून देव हाक मारतो ती बहुतेक वेळा इस्राएलाला. निर्गम ४:२२ मध्ये मोशे फारोला जाऊन सांगतो की इस्राएल माझा ज्येष्ठ पुत्र आहे असं परमेश्वर म्हणतो. होशेय ११ मध्ये तर देव म्हणतो मी त्याला चालायला शिकवलं, हातात धरून. तिथे नुसती निर्मिती नाहीये, तिथे बोलावणं आहे, करार आहे, आणि लेकरू सारखं पाठ फिरवतंय त्याचं दुःख आहे. योहान १:१२ त्या रांगेत वाचायला पाहिजे असं मला वाटतं. आणि त्याच्या पुढचं वचन कोणी वाचतच नाही! १:१३ म्हणतं की हा जन्म रक्ताने नाही, देहाच्या इच्छेने नाही, माणसाच्या इच्छेने नाही. हे वचन मला आपल्या लोकांसमोर जरा मोठ्याने वाचावंसं वाटतं कारण आपल्याकडे चार पिढ्यांचे ख्रिस्ती म्हणून मिरवणारे खूप आहेत. पणजोबांनी मिशनरीच्या हातून बाप्तिस्मा घेतला म्हणून पणतू आपोआप देवाचा मुलगा, हे योहानाला मान्य नाही.

मंजिरी_के

नमस्कार. मी हिंदू आहे, माहेर आळंदीचं, इथे ऑफिसातल्या मैत्रिणीमुळे वाचायला येते, कधी लिहिलं नव्हतं. राग मानू नका पण "अधिकार" हा शब्द मला टोचला. आमच्याकडे विठ्ठलाला माउली म्हणताना कोणाला विचारावं लागत नाही, हाक मारली की झालं, आणि एकाला अधिकार दिला म्हणलं की दुसऱ्याला नाही हे आपोआप आलंच. रूथताईंच्या वर्गातल्या मुलीची ती मैत्रीण मीच आहे असं समजा आणि सरळ सांगा, तुम्ही मला देवाचं लेकरू मानता की नाही?

रूथ_खडकी

मंजिरीताई, अजिबात राग नाही, उलट बरं झालं विचारलंत. मला याचं घाईत उत्तर द्यायचं नाहीये. थोडा वेळ द्या, बाकीच्यांचंही येऊ दे.

थॉमस_कॅम्प

मी कॅथलिक, सेंट पॅट्रिक कथीड्रलला जातो. आमच्याकडे याचं उत्तर बाप्तिस्म्यापासून सुरू होतं, त्या पाण्यात माणूस ख्रिस्ताशी जोडला जातो आणि त्यामुळे पित्याचं लेकरू होतो. तान्ह्या बाळाला विचारलं नाही हे खरं, पण बाळाला जन्माला घालतानाही कोणी विचारत नाही ना, आई-बाप आधी त्याला आपलं म्हणतात आणि ते मग हळूहळू "माझे आई-बाप" म्हणायला शिकतं. मागच्या बाकावरच्या मुलाला मी तरी हेच सांगेन.

मंजिरीताईंसाठी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांबद्दल एक घोषणापत्र काढलं, नोस्त्रा एताते. त्याच्या शेवटच्या भागात असं म्हटलंय की कुठल्याही माणसाशी आपण भावासारखं वागायला नकार दिला तर आपल्याला देवाला सगळ्यांचा पिता म्हणून हाक मारताच येणार नाही, कारण तो माणूस देवाच्या प्रतिमेत घडलाय. बघा, तिथे अट आमच्यावर घातलीये, तुमच्यावर नाही.

बेथेल_प्रकाश

थॉमसदादा आदर ठेवून असहमत. पाणी डोक्यावर पडलं म्हणून मूल झालो असं असेल तर नवीन जन्माचं काय? निकदेम धर्मशिक्षक होता, शास्त्र पाठ, उपास-प्रार्थना सगळं, तरी येशू त्याला म्हणाला तुला नव्याने जन्मायला पाहिजे. पंडिता रमाबाईंचंच बघा की, आपल्या जिल्ह्यातल्याच म्हणायच्या, केडगावचं मुक्ती मिशन त्यांचं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही पूर्ण समजून-उमजून, संस्कृत पंडिता होत्या त्या. आणि पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहिलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, तो नंतर काही वर्षांनी सापडला. एवढी मोठी बाई हे उघड सांगते तर आपण कशाला लपवायचं. रविवारी मंडळीत बसणारा प्रत्येकजण देवाचं मूल नाही, हे मुलांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा. १ योहान ३:१० पण वाचून घ्या वर्गात, देवाची मुलं ओळखू येतात ती नीतीने वागण्यावरून आणि भावावर प्रेम करण्यावरून.

थॉमस_कॅम्प

प्रकाशभाऊ, रमाबाईंची साक्ष मला पण फार आवडते. पण त्यातून मी वेगळं वाचतो. त्या सगळ्या वर्षांत देवाने त्यांना सोडलं होतं असं त्या म्हणत नाहीत. तो तिथे होताच, यांना नंतर कळलं.

निमा_वानवडी

रोज वाचते, लिहिते कमी. पण हा विषय आमच्या घरातला आहे म्हणून लिहिते, लांबेल.

आमची मुलगी दत्तक आहे. घरी आली तेव्हा दोन वर्षांची पण नव्हती. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो ना, तुम्हाला परत भीती वाटावी असा दास्याचा आत्मा मिळाला नाही तर दत्तकपणाचा आत्मा मिळाला, त्याच्यामुळे आपण अब्बा, बापा अशी हाक मारतो. हा अध्याय मी लग्नाआधी कितीतरी वेळा वाचलेला, पण आत गेला तो मुलगी आल्यावरच.

आधी कायद्याचं सांगते कारण खूप लोकांना माहीत नसतं. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा, तो हिंदू बौद्ध जैन शीख यांच्यासाठी, आपल्याला लागू नाही. त्यामुळे माझ्या मावशीच्या पिढीत ख्रिस्ती जोडप्याने मूल घेतलं तर ते १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली. म्हणजे तुम्ही पालक, ते पाल्य. जेवू घाला, शिकवा, आडनाव पण लावा, पण कायद्याने ते तुमचं मूल नाही, वारसाहक्क आपोआप नाही, मूल सज्ञान झालं की तुमचं पालकत्व संपलं. इस्टेट द्यायची तर मृत्युपत्र करायचं, आणि त्यावर चुलत्यांनी भांडायचं. बाल न्याय कायदा आला, २००६ ची दुरुस्ती झाली, मग २०१५ चा नवीन कायदा, तेव्हा कुठे धर्म कुठलाही असो, दत्तक म्हणजे पूर्णपणे तुमचं मूल हे नीट पक्कं झालं, सगळ्या हक्कांसकट.

आता माझा मुद्दा. आपण चर्चमध्ये देवाला पिता म्हणतो पण वागतो पाल्यासारखे. खायला-प्यायला देतो, संकटात सांभाळतो, ठीक आहे, पण आपण खरंच त्या घरचे आहोत, उद्या आपल्याला काढून टाकणार नाहीत, हे मनात उतरत नाही.

मुलगी पहिलीत असताना तिच्या हातून माझ्या सासूबाईंची काचेची बरणी फुटली, लोणच्याची. मी ओरडले, कोणीही ओरडेल तशीच. थोड्या वेळाने बघते तर ती दप्तर पाठीला लावून दारात बसलेली, बूट घातलेले. मला विचारलं, आता मला परत सोडणार का? तिला दत्तक आहे हे आम्ही पहिल्यापासून सांगितलेलं, गोष्ट म्हणून सांगायचो, त्यामुळे "परत" कुठे हे तिला माहीत होतं. मी तिला जवळ घेतलं, खूप समजावलं. पण त्यानंतर कितीतरी दिवस ती भयंकर शहाण्यासारखी वागायची. स्वतःचं ताट विसळून ठेवायची, खाऊ मागायची नाही, शेजारच्या बायका कौतुक करायच्या काय गुणी मुलगी आहे म्हणून, आणि माझ्या पोटात तुटायचं, कारण मला दिसत होतं की ती जागा कमावतीये. आणि मग एका संध्याकाळी ताट पुढे ढकलून जोरात म्हणाली, मला नाही आवडत दुधीची भाजी, तूच खा! माझा नवरा एवढा खूष झाला की विचारू नका. त्या दिवशी आम्हाला कळलं की ही आता या घरची झाली.

ल्यूकच्या पंधराव्या अध्यायातला मोठा भाऊ आठवा. सगळे उधळ्या पुत्रावर बोलतात. मोठा घरातच होता, शेतात राबत होता, आणि बापाला काय म्हणतो, मी इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय. घरात राहून चाकर! बाप म्हणतो, बाळा तू नेहमी माझ्याबरोबर आहेस आणि माझं ते सगळं तुझंच आहे. मला वाटतं चर्चमध्ये आपल्यातले जास्त जण ते मोठे भाऊ आहेत. दशमांश देतो, समितीवर काम करतो, उपासना चुकवत नाही, आणि आतून भीती की कमी पडलो तर.

अजून एक, मग थांबते. मुलगी घरी आली तेव्हा कोर्टाचा आदेश झालेला नव्हता, आधी मूल तुमच्याकडे देखभालीसाठी देतात आणि आदेश मागून येतो (आता ते काम कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलंय). म्हणजे त्या काळात ती आम्हाला आई-बाबा म्हणत होती, आमच्यात झोपत होती, पण कागद अजून यायचा होता. आदेश आला, मग नवीन जन्मदाखला आला, त्यावर आई-वडिलांच्या रकान्यात आमची नावं. तो हातात घेऊन नवरा त्या ऑफिसच्या जिन्यातच बसला होता. तर पौल ८:१५ मध्ये म्हणतो की दत्तकपणाचा आत्मा मिळाला, आणि त्याच अध्यायात ८:२३ मध्ये म्हणतो की आपण दत्तकपणाची वाट बघत कण्हतोय. कोणाला यात विरोध दिसतो. आम्हाला नाही दिसत, आम्ही ते दोन्ही एकाच वेळी जगलोय.

रूथ_खडकी

निमाताई, हे वर्गात वाचून दाखवलं तर चालेल का? नाव न घेता.

निमा_वानवडी

मुलीला विचारून सांगते. आता ती मोठी आहे, तिची गोष्ट आहे ती.

शमुवेल_काका

निमाताईंनी दत्तक काढलंच आहे तर जरा इतिहास घालतो, मास्तर होतो त्यामुळे राहवत नाही.

रोमच्या मंडळीला हे पत्र गेलं साधारण इ. स. ५७ च्या सुमाराला. तेव्हा रोमच्या गादीवर कोण होता? नीरो. आणि नीरो स्वतः दत्तक पुत्र! क्लॉडियस बादशहाने त्याला इ. स. ५० मध्ये दत्तक घेतला, घरात स्वतःच्या रक्ताचा मुलगा ब्रिटानिकस असताना, आणि गादी गेली ती दत्तकाकडे. त्याच्या आधी ऑगस्टससुद्धा ज्यूलियस सीझरच्या मृत्युपत्रातून दत्तक झालेला. म्हणजे पौल "दत्तक" म्हणतो तेव्हा रोममधला गुलाम आणि हमालसुद्धा जाणतो की दत्तक म्हणजे दयेने घरात ठेवून घेतलेलं पोर नाही, दत्तक म्हणजे वारस. जुन्या घराशी कायद्याचा संबंध तुटला, नवीन बापाचं नाव आणि मालमत्ता लागली. त्या मंडळीत कितीतरी जण गुलाम होते, ज्यांना कायद्याने बापच नव्हता. त्यांना हे ऐकताना काय वाटलं असेल विचार करा.

आणि मराठी माणसाला तर हे वेगळं शिकवायलाच नको. १८४८ साली सातारचं राज्य खालसा झालं ते कशावरून, कंपनीने दत्तक नामंजूर केला म्हणून. उलट १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा पोरगा, गोपाळ, बडोद्याच्या घराण्यात दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्या मुलाने काय केलं होतं गादी मिळवायला? काही नाही. निवडणाऱ्यांनी निवडलं. नंतर तो त्या गादीला शोभेल असा वागला हा भाग दुसरा, पण वागला म्हणून दत्तक गेला असं नाही, दत्तक गेला म्हणून तसं वागावं लागलं. प्रकाशभाऊंनी १ योहान ३:१० काढलं ते मी याच क्रमाने वाचतो.

आता येशू आणि आपण यांत फरक काय, हा प्रश्न वर्गात येणारच, तयारी ठेवा. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत ३३ वा प्रश्न हाच आहे की आपणही देवाची मुलं आहोत तर ख्रिस्ताला एकुलता एक पुत्र का म्हणतात. उत्तर असं की तो अनादि आणि स्वभावतः पुत्र आहे, आपण त्याच्यामुळे, कृपेने, दत्तक घेतलेले. पुनरुत्थानाच्या सकाळी येशू मरीयेला म्हणतो, जो माझा पिता आणि तुमचा पिता त्याच्याकडे मी वर जातो. "आपला" म्हणत नाही, पण स्वतःचा बाप आपल्याला देतो.

अनामिक_पुणेकर

सगळं वाचलं. खूप सुंदर लिहिताय तुम्ही लोक. मला फक्त एवढंच विचारायचंय की ज्याच्या घरात बाप म्हणजे रात्री दार वाजलं की पोटात गोळा, त्याने काय करायचं? माझे वडील पण मंडळीत जायचे, पुढच्या बाकावर बसायचे. आईला मारायचे. मी आज दोन मुलांचा बाप आहे, दारूला हात लावत नाही, चर्चला जातो, पण "हे आमच्या स्वर्गातील पित्या" आलं की मी ओठ हलवतो फक्त. प्रभूला मी येशू म्हणून हाक मारू शकतो. पिता म्हणून नाही. मग मी देवाचं मूल नाही का?

निमा_वानवडी

दादा, आहात. हाक मारता येत नाही म्हणून मूलपण जात नाही. आमच्याकडे मुलगी आली तेव्हा कितीतरी दिवस ती मला काहीच म्हणायची नाही, नुसती ओढणी धरायची. ती तेव्हाही माझीच होती.

शमुवेल_काका

बाळा, तुझ्यासारखे मी वर्गात खूप पाहिलेत. दोन-तीन गोष्टी बोलतो, घाई करू नकोस.

येशूने पित्याबद्दल सांगताना माणसांच्या बापांना शंभर टक्के मार्क दिलेले नाहीत. मत्तय ७ मध्ये तो सरळ म्हणतो, तुम्ही वाईट असूनही मुलांना चांगल्या देणग्या द्यायचं जाणता, तर स्वर्गातला पिता किती जास्त देईल. म्हणजे तुझ्या वडिलांकडे बघून देव कसा आहे ते ठरवायचं नाहीये. देव जसा आहे त्यावरून तुझे वडील कुठे चुकले ते ठरतं. तुला आईला मारणं चूक वाटलं आणि तू तसा झाला नाहीस, ते तुला कोणी शिकवलं?

स्तोत्र २७:१० वाच, आईबापांनी सोडलं तरी परमेश्वर मला जवळ करील. यशया ४९:१५ वाच, तिथे देव स्वतःची तुलना दूध पाजणाऱ्या आईशी करतो, आणि म्हणतो ती विसरेल, पण मी विसरणार नाही. आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक, त्यांनी ख्रिस्ताला आई म्हणून आळवलंय, माउली म्हणून. त्यांना कोणी अडवलं नाही, तुला कोण अडवणार? पिता शब्द जड जातो तेवढे दिवस येशू म्हणून हाक मार. त्याला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं, असं तो फिलिप्पाला म्हणालाच आहे.

अनामिक_पुणेकर

काका, वाचलं. परत वाचतोय. आईला पण दाखवणार आहे.

नगरचा_पोरगा

मी मूळचा नगर जिल्ह्यातला, आता येरवड्यात राहतो. एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, आणि ही मला वर्गातल्या मुलांनी ऐकावी असं मनापासून वाटतं.

आमचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. मिशनऱ्यांकडे आले ते पोट भरायला आले असं लोक टोमणा मारतात, मारू देत. माझ्या आजीकडून मी जे ऐकलंय ते असं की तिच्या सासऱ्याला पहिल्यांदा कोणीतरी "तू देवाचा लेक आहेस" म्हटलं, आणि म्हणणारा माणूस त्याच्या शेजारी बसून जेवला. जेवला हे महत्त्वाचं. नुसतं म्हटलं असतं तर गावात म्हणणारे कमी नव्हते.

पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती लोकांकडे चहा झाला, लोकमान्य टिळक, रानडे, गोखले सगळे मोठमोठे लोक होते, आणि नुसत्या त्या चहावरून शहरात केवढं रान उठलं, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. हे आपण इतिहास म्हणून सांगतो आणि आपल्याला बरं वाटतं की बघा, लोक किती मागे होते. पण गलतीकरांस पत्र २ वाचा. अंत्युखिया शहरात पेत्र आधी विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता, मग याकोबाकडची माणसं आल्यावर घाबरून बाजूला झाला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर, तोंडावर सुनावलं. पेत्राला! आणि ते सुनावल्यावर, त्याच पत्रात पुढे, तो लिहितो की ख्रिस्त येशूवरच्या विश्वासाने तुम्ही सगळे देवाची मुलं आहात, यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री असा भेद नाही. म्हणजे "देवाची मुलं" हा विषय पौलाच्या डोक्यात कोण कोणाबरोबर जेवतो या भांडणातून आलाय.

मग माझं लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा काय झालं ते सांगतो. मुलगी ख्रिस्ती, मी ख्रिस्ती, एकाच प्रार्थनासभेत ओळख. तिच्या घरी चहा झाला, प्रार्थना झाली, वडील म्हणाले फार आनंद झाला, आणि मग आवाज खाली करून, "तुमचे मूळचे कोण?" मी सांगितलं. परत फोन आला नाही. त्याच आठवड्यात आम्ही दोन्ही घरांनी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतलं. मला त्या घरावर राग काढायचा नाहीये म्हणून कोण-कुठले ते लिहीत नाही. पण प्रकाशभाऊ, मंडळीत बसलेला प्रत्येकजण देवाचं मूल नाही असं तुम्ही म्हणता ना, तर मला ते नव्या जन्माच्या तारखेवरून ओळखायचं नाहीये. ज्याला देव पिता म्हणून पाहिजे पण मी भाऊ म्हणून नको, त्याने पिता कशाला म्हणावं, तेवढं मला कोणीतरी सांगा.

बेथेल_प्रकाश

भावा, हे खरं आहे. माझ्या मंडळीतही आहे. आमच्याकडे लग्न जुळवताना वडीलजन हे विचारतात आणि मीही गप्प बसलेलो असतो. येत्या बैठकीत काढतो मी हा विषय, गलती २ घेऊनच.

थॉमस_कॅम्प

नगरच्या दादा, लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडेही गोवा-मंगळूर-मराठी असं सगळं आहे, आणि त्याच्या आत अजून आहे. मिस्सामध्ये शांतीचं चिन्ह देताना हात मिळवतो आणि बाहेर आलं की आपापले ग्रुप.

मंजिरी_के

मी इतके दिवस वाचतीये. मला वाटलं होतं तुम्ही मला बाहेरची म्हणाल, तर तुमचं अर्धं भांडण आतल्यांशीच चाललंय. नगरच्या दादांचं वाचून मला चोखोबांची आठवण आली, महाद्वाराबाहेरची त्यांची समाधी. आमच्याकडेही माउली सगळ्यांची, आणि पायरीच्या आत कोण हे वेगळंच. त्यामुळे मी आता टोचलं असं म्हणणार नाही, फक्त माझा प्रश्न अजून तिथेच आहे.

रूथ_खडकी

मंजिरीताई, देते उत्तर, आणि बाकीच्यांनी दुरुस्त करावं.

तुम्ही देवाने घडवलेल्या आहात, त्याच्या प्रतिरूपात, माझ्याइतक्याच. तुमची किंमत माझ्यापेक्षा कणभर कमी नाही, आणि पौल अथेन्सच्या लोकांना म्हणाला तसं मी तुम्हालाही देवाचा वंश म्हणते, बिनदिक्कत. याच्या पुढे शास्त्र अजून एक गोष्ट सांगतं, आणि ती मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लपवली तर मैत्रीत खोटेपणा होईल. ती म्हणजे येशूचं आणि पित्याचं जे नातं आहे त्यात तो आपल्याला आत घेतो, आणि हे जन्माने येत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. मी खडकीच्या ख्रिस्ती घरात जन्मले, तीन मामा पाळक, त्याचा यात एक टक्का उपयोग नाही. मलाही ते बाहेरून, फुकट, येशूमुळे मिळालं. त्यामुळे "अधिकार" म्हणताना मला तुमच्यापेक्षा वरच्या पायरीवर उभं राहताच येत नाही. तो अधिकार सगळ्यांसाठी उघडा आहे, आणि कोणावर लादायचा नाहीये.

टिळकांचं नाव आलंय म्हणून, ना. वा. टिळकांनी शेवटच्या काळात साताऱ्याला "देवाचा दरबार" काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे शिष्य बसावेत असं त्यांना हवं होतं. त्यावर तेव्हाही वाद झाला, प्रकाशभाऊ आजही घालतील. पण मला ते धाडस आवडतं.

बेथेल_प्रकाश

वाद घालणार, पण इथे नाही, वेगळा धागा काढतो 🙏 बाकी रूथताईंच्या उत्तराला आमेन.

मंजिरी_के

ताई, हे मला कळलं. पटलं की नाही ते नंतर. पण तुम्ही गोड बोलून टाळलं नाहीत त्याबद्दल आभार. मैत्रिणीबरोबर एकदा उपासनेला येईन, बसायला चालतं ना?

रूथ_खडकी

अहो चालतं काय, या! कोणालाही चालतं.

शमुवेल_काका

रूथताई, वर्गासाठी अजून एक. मुलांना जॉन वेस्लीचं सांगा. पाळक होता, कैद्यांना भेटायचा, उपास करायचा, मिशनरी म्हणून अमेरिकेलाही जाऊन आला. २४ मे १७३८ ला लंडनमध्ये अल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका छोट्या सभेत त्याला पहिल्यांदा खात्री झाली की ख्रिस्ताने माझी, माझीसुद्धा पापं घेतली. नंतर म्हातारपणी स्वतःच्या जुन्या रोजनिशीवर टीप घालताना त्याने लिहिलं की त्याआधीही माझ्याकडे विश्वास होता, पण चाकराचा, पुत्राचा नव्हता. निमाताईंच्या मोठ्या भावाला जोडून सांगता येईल. आणि प्रकाशभाऊ, थॉमस, दोघांचंही यात थोडं थोडं आहे.

पण वारसाचं बोलताना रोम ८:१७ पूर्ण वाचा. आपण मुलं तर वारस, ख्रिस्ताबरोबरचे वारस, आणि लगेच, त्याच्याबरोबर दुःख भोगत असलो तर. अलीकडे "तू राजाचं मूल आहेस, तुला गाडी-बंगला मिळणारच" असं शिकवणारे झालेत, पुण्यातही पोस्टर दिसतात. एकुलत्या एका पुत्राला काय मिळालं ते मुलांना विचारा. गेथशेमाने बागेत त्याने अब्बा म्हणून हाक मारली आणि प्याला टळला नाही. ज्या मुलांच्या घरात आजारपण आहे, नोकरी गेलीये, त्यांनी "मग आम्ही देवाची मुलं नाही का" असं वाटून घेऊ नये म्हणून हे सांगणं फार गरजेचं आहे.

निमा_वानवडी

मुलगी हो म्हणालीये. बरणीची गोष्ट सांगा, पण दुधीच्या भाजीची पण सांगाच असं तिचं म्हणणं आहे.

रूथ_खडकी

दोन्ही सांगते 🙂 नगरच्या दादा, एक विनंती. गलती २ चा भाग मी सांगितला तर तो पुस्तकातला होईल. तुम्ही येऊन बोलाल का मुलांशी? लग्नाचं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आजीच्या सासऱ्यांचं जेवण तरी सांगा. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी हाच प्रश्न पाच-सात वर्षांत येणार आहे आणि तेव्हा ती कोणाच्या बाजूने बोलतील ते आत्ता ठरतंय.

नगरचा_पोरगा

येतो ताई. दोन्ही सांगेन. कमिटीतल्या कोणाला वाईट वाटलं तर तुम्हाला त्रास होईल का?

रूथ_खडकी

होऊ दे. साडेआठला या, उपासनेच्या आधी वर्ग असतो.

अनामिक_पुणेकर

ताई, मोठी माणसं बसली तर चालतील का मागे? माझा मोठा मुलगा सातवीत आहे, त्याला घेऊन येतो.

रूथ_खडकी

चालतील. खुर्च्या जास्तीच्या लावते.